काठ सोडून सोळाशे घड

लोटू महाजन कागद मिलमध्ये एकतीस वर्षं कागद कापत होता. बनवणारे वेगळे, त्यांच्याकडे वाफ होती, मशीन होतं आणि रुबाब होता. लोटूकडे एक पोलादी चौकट, एक पातं आणि एक नाजूक काटा. मशीनवरून गुंडाळी उतरली की तिच्यातला कागद काढायचा, चौकट ठेवून दहा बाय दहाचा तुकडा कापायचा, काट्यावर ठेवायचा आणि वजन लिहायचं. पाळीला दीडशे तुकडे. हे काम ज्याला सोपं वाटतं त्याने वीस तुकडे कापून दाखवावेत. एकविसाव्याला बोट जातं. लोटूच्या डाव्या अंगठ्याचं नख आजही दोन फाकांत उगवतं.

यावल तालुक्यातल्या गावाहून चोविसाव्या वर्षी तो मिलमध्ये आला आणि रिटायर झाल्यावर बुऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात दोन खोल्या घेऊन राहिला. मिल सुटली, मोजणं सुटलं नाही. ‘अंदाजे’ हा शब्द त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. रिक्षावाला म्हणाला, “अंदाजे दोन किलोमीटर असेल,” तर लोटू दुसऱ्या दिवशी ते अंतर पायी मोजून यायचा आणि त्या रिक्षावाल्याला शोधून काढून सांगायचा. रिक्षावाल्याला त्याचं काही नसायचं. लोटूला असायचं. बायको सविता भाजी निवडताना म्हणायची, “तुमच्या हातात काटा दिला नसता तर तुम्ही माणसांत राहिले असते.”

कविता ही त्याची भाची, लोधीपुऱ्यातल्या बहिणीची मुलगी. वय अडतीस. एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची आणि सहा वर्षांपासून पीएच.डी. करायची. नातेवाइकांत ती पीएच.डी. एखाद्या जुनाट दुखण्यासारखी झाली होती, लोक हळू आवाजात विचारायचे, “आता कसं आहे?”

मार्चमधल्या एका रविवारी ती मामाकडे आली आणि चहा न घेता बोलू लागली. नोंदणीची शेवटची मुदत जूनमध्ये संपत होती. तोवर सादरीकरण पास झालं नाही तर सहा वर्षं पाण्यात. चार प्रकरणं तयार होती. पाचव्यावर गाईड अडून बसले होते.

“म्हणतात, सगळं कॉम्प्युटरवरचं नको. खऱ्या जगातली खरी मोजमापं आणा. स्वतः घेतलेली, भरपूर.”

“तुहं काम आहे तरी काय?” लोटूने विचारलं. “सहा वर्षांत एकदा बी नीट सांगितलं नाही.”

“तुम्ही कधी विचारलं?”

“आज विचारून राहिलो.”

कविताने टोपल्यातले बटाटे पुढे ओढले. “समजा मामा, एका बागेतल्या केळीच्या घडाचं सरासरी वजन पाहिजे. सगळे घड कोण तोलणार? म्हणून सोळा तोलले, सरासरी काढली. उद्या दुसरे सोळा घेतले तर सरासरी थोडी वेगळी येईल. परवा अजून वेगळी. म्हणजे सरासरी स्वतःच डगमगते. बरोबर?”

“कागदात बी तसंच.”

“सोळा घडांत ती डगमग एक किलोची असली, तर चौसष्ट घड घेतल्यावर अर्ध्या किलोवर येते. आणि नमुना मोठा मोठा करत नेला, की घड कसे का असेनात, सरासऱ्यांचा आकार एका ठरलेल्या घंटेसारखा होत जातो. मधे फुगीर, दोन्हीकडे उतरता. नमुना अनंताकडे गेला की आकार पक्का. मी काय करते, तर त्या आकारावर बेतलेली एक कसोटी. कोणी म्हटलं की सरासरी इतकी आहे, तर ते खरं की खोटं ते सांगणारा एक आकडा.”

“अनंताकडे कोण गेलं होतं पाहाले?”

“कोणीच नाही. रस्ता दिसतो, तेवढं पुरतं. किती घडांपासून त्या आकारावर भरवसा ठेवायचा, हे माझं पाचवं प्रकरण.”

लोटू दुसऱ्याच ठिकाणी अडकला होता. “थांब. सोळाचे चौसष्ट केले. मेहनत चार पट. अन् डगमग फक्त अर्धी?”

“हो.”

“अजून अर्धी करायची तर?”

“परत चार पट. दोनशे छप्पन्न.”

“अन् दहावा हिस्सा करायची तर?”

“शंभर पट. सोळाशे घड.”

लोटूने सवितेकडे पाहिलं. “ऐकलं? शंभर पट काम अन् दहा पट फायदा. हा कायदा कोण्या शेठनं केला?”

“शेठनं नाही मामा. गणितानं.”

“मग गणितात युनियन नव्हती.”

पण त्याच बैठकीत त्याने काम घेतलं. कविता म्हणाली, दोनशे घड झाले तरी चालतील. लोटू म्हणाला, सोळाशे. डगमग शंभर ग्रॅमवर आणायची, त्याहून जास्त डगमग त्याच्या काट्याला शोभत नाही. सविता म्हणाली, “सदुसष्टाव्या वर्षी केळीच्या बागेत मरायचं असेल तर आधी गॅसची टाकी लावून जा.”

फोपनारला निंबा पाटलाची बाग होती. निंबा मिलमध्ये माल चढवायच्या खात्यात होता; लोटूच्या आधी सुटून केळीत पडला. चार तुकड्यांत मिळून आठ हजार झाडं, आणि एप्रिल-मेमध्ये कापणी. निंबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लोटूभाऊ, लोक इथं केळी न्यायला येतात. तू वजन न्यायला आला. ने बापा, वजन नेल्यानं घड हलका होत नाही.”

लोटूने तीन बांबूंच्या तिकाटण्याला खाली आकडा असलेला मोठा काटा टांगला. सकाळच्या पहिल्या बसने जायचं, ऊन डोक्यावर आलं की परतायचं. मजूर घड कापून खांद्यावरून आणत. त्यांतला दर चौथा घड लोटू आकड्याला लावायचा, काटा थांबेपर्यंत श्वास धरायचा, वजन वहीत लिहायचा, घड उतरवायचा. मजूर सुरुवातीला हसले. आठवड्याने त्यांच्या लक्षात आलं की हा म्हातारा घड ‘वीस’ लिहीत नाही, ‘वीस किलो तीनशे’ लिहितो, आणि काटा हलत असताना कोणी बोललं तर तो घड पुन्हा चढवतो. मग ते त्याच्याजवळून जाताना गप्प बसू लागले.

सोळाशे घड. एकवीस किलोच्या आसपास एक. चौतीस टन. खांद्यावर वाहिले नाहीत हे खरं, पण चढवायला दोन हात लागतात आणि उतरवायला तेच दोन. मे संपला तेव्हा लोटूच्या उजव्या खांद्यातून कुरकुर आवाज येत होता आणि वही भरली होती. खाडाखोड कुठेच नाही. त्याने ती वही कविताला दिली तेव्हा तिच्यावर जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, कोपरे दुमडून.

चार दिवसांनी दुपारी कविता लॅपटॉप घेऊन आली. सोबत निंबाने पाठवलेल्या धर्मकाट्याच्या पावत्या होत्या. बागेतला सगळा माल बारा ट्रकांतून गेला. ट्रक रिकामा तोलतात, भरून तोलतात, मधला फरक म्हणजे केळी. ही तिची युक्ती होती. पुस्तकात खरी सरासरी कधी कोणाला कळत नाही. इथे कळणार होती. एकूण वजन भागिले एकूण घड. मग तिची कसोटी खऱ्या आकड्यावर पारखता येणार होती.

“मामा, तुमची सरासरी एकवीस किलो तीनशे.”

“हां.”

“ट्रकांची वीस किलो शंभर.”

लोटूने चष्मा काढला आणि परत घातला. “डगमग किती म्हटली होती तू?”

“शंभर ग्रॅम. फरक आहे बाराशे ग्रॅमचा. बाराशेला शंभरने भागलं, की माझ्या कसोटीचा आकडा बारा येतो. दोनच्या वर गेला की शंका घ्यायची असते. तीनला खात्री. बारा मी जन्मात पाहिला नाही. कॉलेजात पोरं खोटे आकडे करून आणतात, त्यांचाही चार-पाच येतो.”

सविता कणीक मळत होती, थांबली.

“काटा पाहा,” लोटू म्हणाला. त्याने पलंगाखालून काटा काढला, शेजारच्या किराणा दुकानातून वीस किलोचं वजन आणलं, दाराच्या कडीला टांगलं. वीस किलो. काढलं, परत टांगलं. वीस किलो. शेजारीपाजारी पाहून गेले.

“मग धर्मकाटाच चुकीचा असेल,” कविता म्हणाली. “तसं लिहून टाकते. ट्रकवाले डिझेल भरतात, उतरतात, चढतात, काहीही होतं. तुमच्या सोळाशे वजनांवर तर कोणी बोट ठेवू शकत नाही.”

“पावत्याच चुलीत टाक ना,” सविता म्हणाली. “कोणाला काय माहीत? गाईड काय फोपनारला येणार आहे?”

कविता हसली नाही. पावत्यांकडे पाहत राहिली, आणि जरा जास्तच वेळ पाहत राहिली. सादरीकरणाला दहा दिवस होते. लोटूला तिचा चेहरा वाचता आला. पाळी संपता संपता तुकडा वाकडा कापला गेला की माणसाचा असाच चेहरा होतो.

“एक सांगा,” ती म्हणाली, “दर चौथा घड घेतला ना? मधे सोडला नाही?”

“दर चौथाच.”

“सगळ्या बागेतला?”

लोटू मोरीकडे गेला. तांब्याभर पाणी प्याला. आणखी एक प्याला. तहान नव्हती.

मिलमध्ये पहिल्या दिवशी त्याला जे शिकवलं ते हे, की गुंडाळीचे दोन्ही काठ सोडायचे. काठाला कागद पातळ असतो, सुरकुततो. फाटका, डागाळलेला तुकडाही काट्यावर ठेवायचा नाही. चांगल्या माणसाचा नमुना स्वच्छ असतो. एकतीस वर्षं हात आपसूक काठ सोडून आत जायचा. फोपनारलाही तेच. बागेच्या चारही तुकड्यांच्या कडेच्या दोन-दोन ओळी, जिथे वारा लागतो, पानं फाटतात आणि घड बारीक राहतो, त्या ओळींचा माल आला की तो बाजूला ठेवायला सांगायचा आणि उरलेल्यांतला चौथा मोजायचा. वाकलेला, माकडांनी खाल्लेला घड तर त्याने मोजणीतच धरला नाही. हे त्याने कोणापासून लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

या खोलीत हे फक्त त्याला माहीत होतं. धर्मकाटा मुका होता आणि भाची धर्मकाट्यावरच आळ घ्यायला तयार बसली होती.

“काठ सोडला,” लोटू म्हणाला.

“काय?”

“कडेच्या ओळी घेतल्या नाहीत. खराब घड घेतला नाही. नमुना नेहमी काठ सोडूनच घेतात.”

“कोण घेतात?”

“मिलमध्ये.”

कविताने लॅपटॉप मिटला. “मामा, मिलमध्ये तो काठ मग कुठे जायचा?”

“कापून परत लगद्यात. काठ गिऱ्हाइकाले कोण देतं?” एवढं म्हणून तो थांबला. पुढचं त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मिलचा काठ गिऱ्हाइकाकडे जात नव्हता, म्हणून तो सोडणं बरोबर होतं. केळीचा काठ सरळ ट्रकात चढून दिल्लीला गेला होता.

“आठ हजारांतले सोळाशेच्या वर घड तुम्ही पाहिलेच नाहीत,” कविता हिशेब करत म्हणाली. “आणि ते सगळे बारीक. म्हणून सरासरी फुगली.”

“मग मी जास्त तोलले असते तर? तीन हजार?”

“तर याच चुकीच्या आकड्यावर अजून घट्ट बसलो असतो. डगमग कमी होते मामा. चूक नाही होत.”

लोटू पलंगावर बसला. आयुष्यात त्याला कामचुकार म्हणून कोणी काही बोललं नव्हतं आणि आताही कोणी बोललं नव्हतं. हेच वाईट होतं. कामचुकारपणा असता तर उद्या जास्त काम करून फेडता आला असता. इथे जास्त काम हाच गुन्ह्याचा पुरावा होता.

“बाग संपली का सगळी?” थोड्या वेळाने त्याने विचारलं.

बाग संपली होती, पण निंबाच्या चुलतभावाचा उशिरा लावलेला एक तुकडा उरला होता, सातशे झाडांचा, कापणी चार दिवसांवर. निंबा फोनवर म्हणाला, “या. यावेळी काठ पण घेऊन जा, काठाचे वेगळे पैसे नाहीत.”

या खेपेला कविता सोबत गेली, छत्री आणि यादी घेऊन. यादी कॉम्प्युटरने काढली होती. अमुक ओळ, तमुक झाड, कुठलाही ताळमेळ नाही. शंभर झाडं. लोटूला त्यात निवडायला काही नव्हतं. काठी घेऊन ओळी मोजत जायचं, यादीत असेल त्या झाडाला चुन्याचा टिळा लावायचा, आणि त्याचा घड आला की तोलायचा.

तिसऱ्या ओळीचं नववं झाड आलं तेव्हा तो थांबला. घड कमरेत मोडलेला, अर्ध्या फण्या माकडांनी ओरबाडलेल्या, देठाला काळं पडलेलं.

“हा घड आहे?” लोटू म्हणाला. “याले गाय बी विचारून खाईल.”

“यादीत आहे.”

“शेजारचा पाहा कसा आहे. भरलेला. दोन पावलावर.”

“शेजारचा यादीत नाही.”

“माझ्या काट्यावर असा माल कधी चढला नाही, कविता.”

“ट्रकात चढतो ना?”

मजुराने घड कापून पुढे धरला. लोटूने तो हातात घेतला. वजन हातालाच कळलं, बोलायची लाज वाटावी इतकं कमी. आकड्याला लावला, श्वास धरला, काटा थांबला. आठ किलो सातशे. त्याने ते इतर आकड्यांच्याच अक्षरात लिहिलं, बारीक केलं नाही.

शंभर घडांना दोन सकाळी लागल्या. सोळाशे घडांचा खांदा तयार होता, त्यामुळे अंगाला काही झालं नाही. सातशे घडांचा एक ट्रक झाला. पावती आली: सरासरी एकोणीस किलो सहाशे. लोटूच्या शंभरांची एकोणीस किलो नऊशे. डगमग अर्ध्या किलोच्या आत अपेक्षित होती. फरक तीनशे ग्रॅम. कसोटीचा आकडा एकच्याही खाली. कविताने फोनवर सांगितलं तेव्हा लोटू म्हणाला, “शंभरात झालं?” त्याच्या आवाजात आनंद कमी आणि तक्रार जास्त होती.

मग भांडण झालं ते नावावरून. कविताने प्रकरणात लिहिलं होतं: पहिला नमुना एका सहायकाने घेतला. लोटूला ते तिने वाचून दाखवलं, चांगल्या मनाने.

“कोण सहायक?”

“मामा, तिथे चुकीचं उदाहरण म्हणून आहे ते. तुमचं नाव कशाला? शंभरांच्या ठिकाणी घातलं आहे ना.”

“शंभर तू घेतले. तुही यादी, तुहा हुकूम. मी हमाल. सोळाशे माझे आहेत. तिथं नाव घाल.”

“लोक हसतील.”

“हसू दे. चौतीस टनांची चूक आहे, बेवारस नाही ठेवायची.”

सविता आतून म्हणाली, “घाल बाई. नाहीतर ते विद्यापीठात जाऊन स्वतः लिहून येतील.”

सादरीकरणाच्या दिवशी लोटू इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसला होता. कविताला मनाई करता आली नव्हती. पुढे गाईड, विभागातले तिघं आणि बाहेरून आलेले एक जाडजूड परीक्षक, ज्यांनी पहिल्या चार प्रकरणांत दोन जांभया आणि एक फोन घेतला. पाचवं प्रकरण सुरू झालं तसे ते सरळ बसले.

“एक मिनट,” ते म्हणाले. “ये सोलह सौ वाला सैंपल तो गलत है. आपने खुद लिखा है. फिर रखा क्यों?”

कविताने तक्त्याचा कागद त्यांच्यासमोर सरकवला. “सर, इसी लिए रखा. इसमें से सोलह घड़ उठाओ तो मेरी कसौटी कहती है एक दशमलव दो, सब ठीक है. सौ उठाओ तो तीन, शक पक्का. पूरे सोलह सौ पर बारह. गलती उतनी ही है, हर जगह बारह सौ ग्राम. छोटे नमूने में वो छुपी रहती है, बड़े में छुप नहीं सकती. मेरा चौथा प्रकरण यही कहता है कि आँकड़ा इसी चाल से बढ़ेगा. यहाँ बढ़ा.”

परीक्षकांनी तक्ता जवळ ओढला. सोळा, शंभर, सोळाशे. एक दशांश दोन, तीन, बारा. बोटाने खालीवर गेले. गाईड त्यांच्या बोटाकडे पाहत होते.

“ऐसा साफ उदाहरण तो बनाने से भी नहीं बनता,” परीक्षक म्हणाले. “ये लोटू महाजन कौन हैं?”

कविताने मागे पाहिलं. लोटू उभा राहिला.

“आप कहाँ पढ़ाते हैं?”

“कहीं नहीं. कागज काटता था.”

परीक्षक हसले, मोकळेपणाने. “कोई बात नहीं महाजनजी, किनारा छूट जाता है. हो जाता है.”

“हो नहीं जाता साहब,” लोटू म्हणाला. “छूटा नहीं. मैंने छोड़ा. रोज सुबह छह बजे की बस से जाके छोड़ा.”

मग परीक्षकांनी पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की प्रबंध सादर करायला हरकत नाही. सही केली. गाईडने सही केली. पाचव्या प्रकरणात एकच दुरुस्ती सांगितली, की नमुना घेण्याची पद्धत दोन ओळींत उरकली आहे, ती सविस्तर लिहावी: कोणत्या ओळी सोडल्या, किती, कोणत्या बाजूच्या, आणि का.

कविता बाहेर आली ती रडत की हसत ते नीट कळत नव्हतं. लोटूने तिला पाण्याची बाटली दिली आणि स्वतःच्या खिशातून कोरा कागद काढून गुडघ्यावर पसरला.

“बस चार वाजता आहे,” तो म्हणाला. “तोपर्यंत लिहून घे. पहिल्या तुकड्यापासून सांगतो.”